दस्ता माणसाच्या मापाचा

बोरगावात आमच्या घरी तिफण, वखर, बैलगाडी बनवायची हीच कामं. बंदुकीचा दस्ता बनवायला मी नागपूरच्या एका परवानाधारक दुकानात शिकलो. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो, म्हणून हे काम मी कधी घरी आणलं नाही.

१. कुऱ्हाडीला आपण धावड्याचा, तिवसाचा दांडा घालतो, सागाचा नाही. साग दणका सोसत नाही. दस्त्यालाही तोच न्याय. अक्रोड सगळ्यात चांगला. शिसव चालतो, पण जड होतो.

२. लाकूड वाळू द्या. इंचभर जाडीला सावलीत एक वर्ष, हा जुना हिशेब. मी एकदा घाई केली. फळी वरून कोरडी, आत ओल. उन्हाळ्यात लाकूड आटलं, लोखंड ढिलं पडलं आणि मुठीपाशी चीर गेली. गिऱ्हाइकाचे पैसे परत केले. तेव्हापासून फळीवर तारीख लिहितो आणि महिन्याच्या महिन्याला तिचं वजन करतो. वजन उतरायचं थांबलं की मगच करवत.

३. मुठीजवळ दस्ता सगळ्यात बारीक असतो. तिथे लाकडाच्या रेषा सरळ लांबीनेच जायला हव्यात. नक्षी खांद्याकडच्या रुंद भागात शोभते.

४. माप माणसाचं घ्या. बारा बोर दुनळीला मागची माशी नसते. नेम धरणाऱ्याचा डोळाच मागची माशी. गाल जरा वर-खाली टेकला की बार चुकला. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत विलायती दुनळीत साधारण साडेचौदा इंच असतात, पण आखूड हाताच्या माणसाला ते लांब पडतं, आणि हिवाळ्यात जाड कोट घातला तर आणखीच. उजव्या खांद्यावर धरणाऱ्यासाठी दस्ता किंचित उजवीकडे झुकवतात. कोपरापासून हात मोजून माप काढणारे मी पाहिले. त्यावर माझा भरवसा नाही. रिकामी बंदूक, आधी दोनदा तपासलेली, माणसाला डोळे मिटून खांद्याला लावायला सांगायची. डोळे उघडल्यावर नळीची रेघ सरळ समोर दिसली तर माप बरोबर.

५. लोखंडाला चिमणीची काजळी लावून लाकडात दाबायचं. काळं उमटेल तेवढंच पटाशीने काढायचं. मागच्या लोखंडी शेपटीपाठी मात्र कागदाइतकी फट ठेवावी. नाहीतर प्रत्येक बाराला ती पाचरीसारखी लाकूड फोडते.

६. शेवटी जवसाचं तेल, आपल्याच भागातलं. पातळ हात, तळव्याने चोळून. एक पुरता वाळला की दुसरा. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटते. पसरून वाळवा.

कुणाच्या घरी आजोबांची परवान्याची दुनळी असेल आणि दस्ता तडकला असेल, तर तो चुलीत घालू नका. परवानाधारक कारागिराकडे न्या. जुना अक्रोड पुरता वाळलेला असतो आणि मुठीची चीर बहुतेक वेळा सांधता येते.