‘खूप’ आणि ‘ऊबर’ : दोन उसने अतिशयवाचक शब्द

दिल्लीच्या मुशायऱ्यात ‘बहुत खूब’ अशी दाद उठते तेव्हा ‘बहुत’ प्रमाण सांगतो आणि ‘खूब’ गुण. त्याच शहरात ‘खूब बारिश हुई’ असेही म्हटले जाते. तेथे गुण लोपून प्रमाण तेवढे उरते. फारसीत ‘चांगला, सुंदर’ असा अर्थ असलेल्या या शब्दाच्या दोन्ही अवस्था हिंदी-उर्दूत अशा शेजारी नांदतात. मराठी ‘खूप’ने दुसरीच अवस्था स्वीकारली, बंगालीतही ‘खूब’ म्हणजे ‘फार’. गुणाकडून प्रमाणाकडे होणारे हे संक्रमण परके नाही : ‘पोरगा चांगलाच भिजला’ या वाक्यात ‘चांगला’ने तरी दुसरे काय केले आहे? मराठीत अंत्य ‘ब’चा ‘प’ होऊन मुळाची खूणही पुसली गेली. ती ‘खुबी’त शिल्लक आहे, पण ‘खूप’ म्हणताना ‘खुबी’ कोणाला आठवते?

इंग्रजीतील जर्मन ‘ऊबर’ याच वाटेवरचा, परंतु अर्ध्यावर थबकलेला प्रवासी होय. त्याचा मूळ अर्थ ‘वर, पलीकडे’. संस्कृत ‘उपरि’ व लॅटिन ‘सुपेर’ ही त्याची भावंडे, आणि ‘उपरि’पासून आलेला मराठी ‘वर’ही त्याच कुळातला. इंग्रजी वाचकास तो परिचित झाला तो मुख्यतः नीत्शेच्या ‘ऊबरमेन्श’मुळे. शॉने १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या नाटकाच्या नावात त्यासाठी ‘सुपरमॅन’ योजला, मराठीने ‘अतिमानव’. पुढे इंग्रजीने तत्त्वज्ञान सोडले आणि नुसता उपसर्ग ‘अत्यंत’ या अर्थाने विशेषणांना जोडला. घरचा सगोत्र ‘ओव्हर’ असताना हा पाहुणा का? ‘ओव्हर’ला ‘प्रमाणाबाहेर’ या दोषाचा वास लागला होता, हे एक कारण असावे. दुसरे कारण नावीन्याचे. ‘ऊबर’चा जोर त्याच्या परकेपणातच आहे. इंग्रजीचा नित्याचा ‘व्हेरी’ही फ्रेंचमधून ‘खरा’ या अर्थाने आलेला. तो रुळला आणि त्याची धार गेली.

भाषाशुद्धीच्या विचारात या शब्दांना क्वचितच स्थान मिळते. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने कारभारातील फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकातील चळवळीचा रोखही नामांवरच अधिक होता. दप्तरातला शब्द आज्ञेने बदलता येतो. ‘खूप’ मात्र ‘फार’ आणि ‘अतिशय’ हाताशी असताना, कोणाच्याही आज्ञेवाचून घरात शिरला, आणि ‘खूप लोक’, ‘खूप मोठा’, ‘खूप रडली’ अशा तिन्ही जागी बसला. ‘ऊबर’ला क्रियापदाशेजारची ती तिसरी जागा इंग्रजीत अद्याप मिळालेली नाही.