कर्जखत कोणी फाडावे?
अपराध्यास क्षमा करण्याविषयी पाठ

शास्त्रपाठ : मत्तय 18:15–35. सोबत वाचावे : उत्पत्ति 45:1–15, प्रेषितांची कृत्ये 16:19–40, रोमकरांस पत्र 12:17–21.



प्रभूने शिकविलेली प्रार्थना आपण लहानपणापासून म्हणत आलो आहो. तीत भाकरी मागावयाची आहे, मोहापासून रक्षण मागावयाचे आहे, आणि पापांची क्षमाही मागावयाची आहे. परंतु ह्या सर्व मागण्यांपैकी एकाच मागणीस आपण आपल्याच तोंडाने एक माप जोडून देतो. आम्ही दुसऱ्यांस जशी सूट दिली तशी तू आम्हांस दे, असे आपण देवास सांगतो. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात ही प्रार्थना संपताच प्रभू पुन्हा ह्याच एका मागणीकडे वळतो व तिचाच खुलासा करतो. ज्या ठिकाणी शिष्य अडखळणार हे गुरूस ठाऊक होते, तेथेच तो थांबला. आपणही आज तेथेच थांबू.

1. ऋण खरे असते

किती वेळा क्षमा करावी, असे पेत्राने विचारले. सात वेळा म्हणजे पुष्कळ झाले, असे त्यास वाटत होते. प्रभूने त्याचा हिशेबच मोडला आणि एका राजाचा व त्याच्या दोन चाकरांचा दृष्टांत सांगितला. एका चाकराकडे राजाचे दहा हजार तालांत येणे होते. त्या चाकराचे आपल्या सोबत्याकडे शंभर दीनार येणे होते.

हे आकडे आपल्या खेड्यातील हिशेबाने मांडून पाहा. एक दीनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दीनार. तेव्हा दहा हजार तालांत म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी झाली. वर्षातून 300 दिवस काम मिळते असे धरले, तर हे कर्ज फेडावयास 2 लक्ष वर्षे लागतील! हे फेडता येण्याजोगे कर्जच नव्हे; आणि राजाने ते सोडून दिले.

आता शंभर दीनारांकडे पाहा. पुष्कळ उपदेशक येथे घाई करतात, आणि शंभर दीनार म्हणजे काहीच नव्हे, असे सांगून मोकळे होतात. परंतु शंभर दीनार म्हणजे मजुराची सुमारे चार महिन्यांची कमाई. ज्याच्या घरातील चार महिन्यांची भाकर कोणी बुडविली, त्यास "हे काहीच नाही" असे म्हणून पाहा! प्रभूने मुद्दामच तेथे एक-दोन दीनार घातले नाहीत. माणूस माणसाचे जे नुकसान करतो ते खरे असते. भावाने बांध कोरून आपल्या शेताची पट्टी खाल्ली, हे खरे. आपण प्रभूचे झालो म्हणून नातलगांनी लग्नाकार्यास बोलाविणे सोडले, हेही खरे. ज्या विहिरीवर आपल्या वाडवडिलांस पोहरा सोडू दिला नाही, ती विहीर पुष्कळ गावी अजून उभी आहे. ही दुःखे नाकारल्याने क्षमा होत नाही. ज्याने कर्जखत वाचलेच नाही, तो ते फाडणार कसे? आधी आकडा वाचावयाचा, मग खत फाडावयाचे.

2. खत फाडण्याचा अधिकार

ज्याने अपराध केला तो पुष्कळ वेळा म्हणतो, "झाले गेले विसरून जा, तू ख्रिस्ती आहेस ना?" हे बोलणे ऐकून दुखावलेल्या माणसाचे मन अधिकच विटते. ह्यात चूक कोठे आहे, हे आपल्याच देशाच्या इतिहासातील एका गोष्टीवरून कळून येईल.

1875 सालच्या मे महिन्याच्या 12 तारखेस पुणे जिल्ह्यातील सुपे ह्या गावी बाजारात शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चालून गेले. पुढे हे लोण त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. लोकांचा रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. ज्या कागदांनी त्यांच्या जमिनी गिळल्या, ते कागद त्यांनी हिसकावून घेतले व जाळले. त्यांचे दुःख खरे होते, आणि 1879 साली सरकारास त्यांच्या साह्यार्थ कायदा करावा लागला. तथापि जाळलेल्या खतांनी सावकार व कूळ ह्यांच्यामध्ये सलोखा झाला नाही. कर्जदाराने खत जाळले तर त्यास दंगा म्हणतात. तेच खत धनकोने आपल्या हाताने, आपखुशीने फाडले, तर त्यास क्षमा म्हणतात.

ह्यावरून दोन गोष्टी लक्षात घ्याव्या. पहिली ही की, क्षमा हिसकावून घेता येत नाही. अपराध्याने ती हक्काने मागू नये. पंचांनी किंवा उपदेशकानेही ती दुखावलेल्या माणसाच्या हातून जबरीने काढू नये. दुसरी ही की, ज्याच्या हाती खत आहे त्याच्या हाती मोठी सत्ता आहे. त्याची झोप त्या खताने उडविली आहे. तो रोज ते काढतो, वाचतो, व्याज चढवितो. दहा वर्षांपूर्वीचा एक शब्द आज त्याच्या मनात शंभर शब्द झाला आहे. साप डूख धरतो असे आपण म्हणतो. परंतु डूख धरणाऱ्या माणसाचे विष प्रथम त्याच्याच अंगात भिनते. खत फाडल्याने ऋणको सुटतो हे खरेच. पण त्याच्या आधी धनको सुटतो.

मात्र फाडण्याचे बळ कोठून यावे? दृष्टांतातील निर्दय चाकर दुष्ट होता असे आपण म्हणतो. वस्तुतः तो विसराळू होता. राजाच्या दारातून बाहेर पडताच, आपले 2 लक्ष वर्षांचे कर्ज सुटले आहे हे तो विसरला. ज्यास वधस्तंभ आठवतो, त्याच्या हातास बळ येते.

3. जलालपूरची लेक

आता नाशिकजवळचेच एक उदाहरण घेऊ. गोदातीरीच्या जलालपूर गावी 1868 साली जन्मलेली मुलगी अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळक ह्यांस दिली गेली. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून महाराष्ट्रास माहीत झाली. 1895 सालच्या फेब्रुवारीच्या 10 तारखेस टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आपण मंडळीतले लोक ही तारीख आनंदाने सांगतो; आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच दिवशी दुसऱ्या एका जिवावर काय गुदरले, हे आपण क्वचितच सांगतो. लक्ष्मीबाईंस ती वार्ता मागाहून कळली. पदरी लहानगा दत्तू. पती जिवंत असून घर मोडलेले. त्या काळच्या ब्राह्मण समाजात अशा स्त्रीस ना सवाशिणीचा मान, ना विधवेचा निवारा. नातलगांच्या आश्रयाने त्यांनी दिवस काढले.

त्यांनी एका दिवसात क्षमा केली नाही. काही वर्षांनी त्या अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, पतीजवळ राहावयास आल्या. तरी त्यांची चूल निराळी आणि पाणी निराळे होते. टिळकांनीही ते निराळे राहू दिले. हळूहळू त्यांच्या मनातील जातिभेद गळून पडला, आणि 1900 साली राहुरी येथे त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

पुढे 1934 साली त्यांच्या 'स्मृतिचित्रे' ह्या पुस्तकाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. ते ज्यांनी वाचले असेल, त्यांस एक गोष्ट दिसली असेल. टिळकांचा शीघ्रकोप, घरात दाणा नसता दुसऱ्यास देऊन टाकण्याची त्यांची रीत, न सांगता निघून जाण्याची त्यांची सवय, ह्यांपैकी काही लक्ष्मीबाईंनी झाकून ठेवले नाही. आकडा पुरता वाचला आहे. परंतु व्याज कोठेही लावलेले नाही. उलट वाचकास हसू येते, आणि हसता हसता टिळकांविषयी प्रेम वाटू लागते. टिळक 1919 साली प्रभूकडे गेले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे होते. ज्या बाईस त्यांच्या ख्रिस्ती होण्याने एवढी जखम झाली होती, तिनेच ते ख्रिस्तचरित्र पुढे नेले. फाटलेल्या खताचा ह्याहून चांगला पुरावा कोणता?

ह्या कथेत आपणांस एक बोचणारा धडाही आहे. आपण नवख्रिस्ती लोक नातलगांनी आपणांस काय केले ह्याची यादी नेहमी सांगतो. परंतु आपल्या ह्या पावलाने घरातील म्हातारी आई, पत्नी किंवा भाऊ ह्यांस जे दुःख झाले, त्याची यादी आपण केली आहे काय? प्रभूच्या मागे जाणे हा अपराध नव्हे. पण न सांगता जाणे, तुच्छतेने बोलणे, त्यांच्या देवघराची थट्टा करणे, ह्यांबद्दल आपण स्वतःच कोणाचे तरी ऋणको असू. भेट वेदीजवळ ठेवून आधी भावाकडे जा, ही प्रभूची आज्ञा (मत्तय 5:23–24) त्या दिवशी आपल्यासाठीच आहे.

4. क्षमा आणि न्याय

कोणी म्हणेल, "क्षमा करावयाची तर अन्याय सोसतच राहावयाचे काय?" नाही. फिलिप्पै येथे पौल व सीला ह्यांस चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात घातले. मध्यरात्री बंदिवानांची दारे उघडली, तेव्हा पौलाने पळून जाऊन सूड घेतला नाही. बंदिशाळेचा नायक जीव देत होता, त्यास त्याने वाचविले, आणि त्याच रात्री त्या नायकाने त्यांच्या जखमा धुतल्या. ही क्षमा झाली. परंतु सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप निघून जाण्यास सांगितले, तेव्हा पौल हलला नाही. आम्हांस चारचौघांत मारले, तर त्यांनी स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्यावे, असे त्याने कळविले. आणि त्यांस यावे लागले. एकाच अध्यायात, एकाच माणसाच्या ठायी, क्षमा आहे आणि न्यायाची मागणीही आहे.

आपल्या काळातील दाखला ओडिशा प्रांतातला आहे. ग्रॅहॅम स्टेन्स हे मयूरभंज जिल्ह्यात बारीपदा येथे महारोग्यांची सेवा करीत असत. 1999 सालच्या जानेवारीच्या 22 तारखेच्या रात्री मनोहरपूर गावी ते व त्यांचे दोन मुलगे, फिलिप (वय 10) व टिमथी (वय 6), गाडीत निजले असता जमावाने गाडीस आग लावली. तिघेही मेले. ग्रॅहॅम ह्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्सबाई ह्यांनी आपण मारेकऱ्यांस क्षमा केली असे जाहीर सांगितले, आणि कन्येसह तेथेच राहून रोग्यांची सेवा पुढे कित्येक वर्षे चालविली. 2005 साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. न्यायालयाने आपले काम केले. मुख्य अपराध्याची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली कायम केली. बाईंनी आपले खत फाडले, सरकारचे नव्हे. सूड देवाकडे सोपविणे आणि साक्ष लपविणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत.

तसेच क्षमा आणि विश्वास ह्यांतही भेद आहे. योसेफाने भावांस मिठी मारली खरी, पण त्यापूर्वी बन्यामिनाविषयी त्यांची मने बदलली आहेत की नाहीत हे पारखून घेतले. क्षमा एका क्षणी देता येते. विश्वास हा पेरलेल्या बियाप्रमाणे हळूहळू उगवतो.

5. उपदेशकांस सूचना

(अ) भांडण मिटवावयास गेला असता आधी दुखावलेल्याचे पूर्ण ऐकून घ्यावे. त्याच्या रडण्याआधी वचन सांगू नये.

(आ) मत्तय 18:15–17 मधील क्रम पाळावा : प्रथम दोघांतच, मग एक-दोन साक्षीदार, मग मंडळी. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. गोष्ट प्रथम पाणवठ्यावर जाते आणि शेवटी त्या भावाच्या कानी येते.

(इ) ज्या बाईस घरी मार बसतो तिला "क्षमा कर" एवढे सांगून त्याच घरी परत पाठवू नये. तिचे रक्षण करणे हे मंडळीचे पहिले कर्तव्य होय. क्षमेचा विषय तिच्या वेळेने निघेल.

(ई) प्रभुभोजनाच्या आदल्या आठवड्यात घरोघर जाऊन, कोणाची कोणाशी बोलचाल बंद आहे काय, ह्याची प्रेमाने चौकशी करावी.

(उ) ज्यास क्षमा करणे जड जाते त्याने आरंभ लहान करावा. अपराध्याचे नाव घेऊन रोज एकदा त्याच्यासाठी प्रार्थना करावी. वाटेत भेटल्यास रामराम अथवा सलाम चुकवू नये.

चर्चेसाठी प्रश्न

1. शंभर दीनार हे थोडे होते काय? ते थोडे नव्हते, असे मानल्याने ह्या दृष्टांताचा अर्थ कसा बदलतो?
2. क्षमा करणे व विसरणे ह्यांत भेद कोणता?
3. पौलाने अधिकाऱ्यांस बोलाविले ते रागाने की न्यायासाठी? कशावरून?
4. माझ्या हाती कोणाचे खत आहे? आणि माझे खत कोणाच्या हाती आहे?

प्रार्थना

हे दयाळू बापा, आमचे न फिटणारे ऋण तू आपल्या पुत्राच्या ठायी सोडून दिले आहेस. आम्हांस झालेल्या जखमा तुला ठाऊक आहेत. त्या आम्ही तुझ्यापुढे उघड्या करतो. आमच्या मुठीत धरलेले कागद सोडावयास आम्हांस बळ दे. ज्यांस आम्ही दुखविले त्यांच्या दारी जाण्याची लाज आमच्यातून काढून टाक. आमच्या गावी न्याय नांदू दे, आणि आमच्या मंडळीत कोणी कोणाशी अबोला धरून तुझ्या मेजाशी न येवो. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.