तापातही शाळा? पूर्ण हजेरीचा हट्ट

प्रश्न : मुलगी पाचवीत आहे. अंगात ताप असला तरी 'शंभर टक्के हजेरीचं बक्षीस जाईल' म्हणून शाळेचा हट्ट धरते. काय करू?
– एक आई, डोंबिवली पूर्व

उत्तर : ताई, घरीच ठेवा. औषधाशिवाय ताप उतरून 24 तास झाले की पाठवा; कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत नाहीच. बक्षिसानं हजेरी वाढते, हा समज आहे. कॅलिफोर्नियातल्या मोठ्या प्रयोगात पूर्ण हजेरीचं प्रशस्तिपत्रक मिळालेली मुलं पुढच्या महिन्यात उलट जास्त गैरहजर राहिली. आपल्याकडे गरीब घरच्या मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला, तो गळती रोखायला. आजारी लेकराला बाकावर बसवायला नव्हे. आजारपणाची रजा म्हणजे खाडा नव्हे, हे तिला जवळ घेऊन सांगा. वर्गशिक्षिकांना चिठ्ठी द्या आणि पालकसभेत आजारपणाचे दिवस वगळून हजेरी मोजायला सुचवा.