बॅनर तोच, नाटक वेगळं: 'भद्रकाली'कडून धंद्याचा धडा



"बाबांच्या वेळेपासून असंच चालत आलंय. बदललं तर गिऱ्हाईक तुटेल." आपल्या प्रशिक्षणात हे वाक्य कुणीतरी बोलतंच. कुणाचं खाजाचं दुकान, कुणाची खानावळ, कुणाचं कोकम सरबत. भीती खोटी नाही. म्हणूनच हा धडा.

व्हिडिओत मी मेटालिका या अमेरिकन रॉक बँडचं नाव घेतलं होतं. तिकडे अल्बमचा प्रोड्युसर फक्त पैशाचं बघत नाही. गाणं कसं वाजावं, काय ठेवावं, काय गाळावं हेही तो सांगतो. 1991 च्या अल्बमला बॉब रॉक आला आणि आवाज सुटसुटीत, भरदार झाला. 2008 ला रिक रुबिन आला, त्याने त्यांना पुन्हा सुरुवातीच्या दमाकडे वळवलं. वाजवणारे बहुतेक तेच, पण दिशा देणारा बदलला की माल बदलला.

आता आपल्या घरची गोष्ट. मच्छिंद्र कांबळी आपल्या मालवण तालुक्यातल्या रेवंडीचे. 1980 साली गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' रमेश रणदिवे यांच्या दिग्दर्शनात रंगमंचावर आलं. सुरुवातीला प्रतिसाद बेताचाच. लोकांना कळावं म्हणून भाषा 'शुद्ध' करणं सोपं होतं, पण मालवणी तशीच ठेवली. पुढे पु. ल. देशपांड्यांनी मनापासून दाद दिली, गर्दी वाढली आणि प्रयोग पाच हजारांच्या वर गेले. कांबळींनी स्वतःची नाट्यसंस्थाही काढली, नाव रेवंडीच्या ग्रामदेवतेचं: भद्रकाली.

2007 साली कांबळी गेले. विचार करा, ज्याच्या नावावर तिकीट खपतं तो माणूसच नाही! मुलगा प्रसाद कांबळी यांच्यापुढे सोपा रस्ता होता: बाबांसारखीच मालवणी नाटकं करत राहायची. जुनं त्यांनी टाकलं नाही, 'वस्त्रहरण' नव्या कलाकारांसह होत राहिलं. पण 2017 साली त्याच बॅनरखाली आलं 'संगीत देवबाभळी'. लेखक-दिग्दर्शक नाशिकचे प्राजक्त देशमुख. मालवणी नाही, फार्स नाही. रंगमंचावर दोनच बायका: तुकोबांची आवली आणि तिच्या पायातला काटा बरा होईपर्यंत तिच्या घरी राहिलेली रखुमाई. लोकांनी डोक्यावर घेतलं. पुढे याच नाटकासाठी देशमुखांना साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला.

यातून आपण काय घ्यायचं?

1. ओळख नेमकी कशात आहे ते शोधा. मला वाटतं, 'भद्रकाली'ची ओळख फक्त मालवणी विनोदात नव्हती. साध्या माणसांना त्यांच्याच बोलीत बोलू देणं ही खरी ओळख, आणि ती दोन्ही नाटकांत आहे. तुमच्या मसाल्याची ओळख पाकिटात आहे की भाजणीत?

2. सगळं स्वतः करू नका. लिहिणारा एक, बसवणारा दुसरा, निवड करणारा तिसरा. चांगला निर्माता योग्य माणूस शोधतो आणि त्याला काम करू देतो.

3. आधी लहान प्रमाणावर तपासा. 'देवबाभळी' आधी एकांकिका होती, दोन अंकी नाटक नंतर झालं. तुम्हीही नवीन चव काढाल तेव्हा क्विंटलभर माल करू नका. पाच किलो करा, आठवडी बाजारात ठेवा, लोक परत मागतात का बघा.

4. जुनं चालू ठेवून नवं आणा. नेहमीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाता कामा नये.

गृहपाठ: वहीत तीन ओळी लिहा. माझ्या धंद्यात कधीच न बदलायची गोष्ट कुठली? केवळ सवयीने चाललेली कुठली? आणि मला तोंडावर खरं सांगेल असा माणूस कोण? तिसऱ्या ओळीत नाव सुचलं नाही, तर पहिलं काम तेच: तो माणूस शोधा.

चला, येतंय. पुढच्या धड्यात भेटू!