शिवजन्माला शिवनेरीवर: गट घेऊन निघणाऱ्यांसाठी

१९ फेब्रुवारीला शिवनेरीवर जायचं, हे भटक्यांच्या जवळजवळ प्रत्येक गटात कधी ना कधी ठरतं. ठरतं ते उत्साहात, आणि तसंच ठरायला हवं. पण त्या दिवशी शिवनेरीवर एकाच जागी दोन गोष्टी असतात, एक सोहळा आणि एक किल्ला. वीस-पंचवीस जणांना घेऊन एकाच सकाळी दोन्ही बघू म्हटलं की दोन्ही अर्धवट राहतात. म्हणून माझं सांगणं असं, की १९ तारखेला सोहळा अनुभवा आणि किल्ला पाहायला त्याच मुक्कामातली दुसरी एखादी सकाळ राखून ठेवा.

आधी तारखेचं बघू. शिवजयंतीची सुट्टी राज्यभर असते, पण वार दरवर्षी बदलतो. २०२७ साली १९ फेब्रुवारी शुक्रवारी येते, म्हणजे सलग तीन दिवस मिळतात. गुरुवारी संध्याकाळच्या आत जुन्नर गाठायचं, शुक्रवारी सोहळा, शनिवारी नाणेघाट आणि चावंड, रविवारी भल्या सकाळी शिवनेरी निवांत पाहून दुपारी परतीला लागायचं. आठवड्याच्या मधल्या वारी तारीख आली तर निदान २० तारखेची रजा आधीच टाकून ठेवा. दुसरी बाब तिथीची. काही मंडळी फाल्गुन वद्य तृतीयेलाच जयंती मानतात. ती बहुतेक मार्चमध्ये येते, तेव्हा ऊन चढलेलं असतं आणि गडावर पुन्हा गर्दी असते. गटातल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच दिवस आहे ना, हे पहिल्याच बैठकीत पक्कं करा.

मुक्काम गडावर करता येत नाही. शिवनेरी हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, आणि जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून ज्या बारा किल्ल्यांची नोंद जागतिक वारसा यादीत झाली त्यात तो आहे. तेव्हा राहायचं ते जुन्नरमध्ये किंवा आसपास. गावातली लॉज लहान आहेत आणि सोहळ्याच्या आसपासच्या रात्रींसाठी लवकर भरतात, म्हणून डिसेंबरातच विचारणा करा. लेण्याद्री आणि ओझर इथल्या देवस्थानांचे भक्तनिवास मोठ्या गटाला आणि विशेषतः घरच्या ज्येष्ठांना सोयीचे पडतात. शेतातली निवासं छान असतात, पण हा सगळा उसाचा आणि बिबट्यांचा मुलूख आहे हे ध्यानात ठेवा. तिन्हीसांजेनंतर आणि पहाटे शेताच्या कडेने एकट्याने फिरू नका, लहान मुलांना मोठ्यांच्या मधे चालवा आणि अंधारात बांधावर एकट्याने बसू नका. बसलेला माणूस बिबट्याला लहान दिसतो. वनखात्याचा १९२६ हा मदत क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या, जोडीला ११२ आणि १०८.

पुण्याहून जुन्नर साधारण ९५ किलोमीटर, नाशिक महामार्गाने नारायणगाव गाठून आत वळायचं. थेट एसटी आहेत. मुंबईकरांनी कल्याणहून माळशेज घाट चढून गणेश खिंडीतून उतरावं. या वाटेला डोंगर सतत सोबत असतात. गट मोठा असेल तर दहा गाड्या काढण्यापेक्षा एक मिनीबस करा. पायथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे खरा, पण सोहळ्याच्या दिवशी बंदोबस्तामुळे खासगी गाड्या अलीकडेच थांबवल्या जातात आणि पुढे पायी जावं लागतं. ही चाल धरूनच वेळेचा हिशेब मांडा.

१८ तारखेची रात्र मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. गावोगावची तरुण मंडळी ज्योत न्यायला शिवनेरीवर येतात. गडावर मशाल पेटवायची आणि हातोहात बदलत, धावत, आपल्या गावी न्यायची. कुणाचं गाव पंचवीस किलोमीटरवर, तर कुणाचं पार दुसऱ्या जिल्ह्यात. पुष्कळजण अनवाणी धावतात. सरकारी कार्यक्रमाची पत्रिका या मुलांना कुणी पाठवलेली नसते, तरी जयंती गावात पोचते ती त्यांच्या पायांनी. महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये शिवरायांवर पोवाडा छापला, लोकमान्यांच्या पुढाकाराने १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला. लोकांनी स्वतः उभं राहून राजाची आठवण ठेवण्याची ही रीत तेव्हापासून चालत आली आहे, आणि तिचं आजचं सर्वांत जिवंत रूप या रात्री रस्त्यावर दिसतं. त्या संध्याकाळी लवकर जेवून जुन्नरच्या रस्त्यावर कडेला उभे राहा. ज्योत आली की बाजूला होऊन वाट द्या, पाणी द्या, गावाचं नाव विचारा.

तुमच्याच गटाला ज्योत न्यायची असेल तर त्याची तयारी निराळी. मागे चालणारा टेम्पो हवा, त्याचे इशारादिवे सतत चालू हवेत. धावणाऱ्यांच्या अंगात चकाकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटं हवीत. टेम्पोचा चालक रात्रभर जागा राहील असा, म्हणजे दिवसा झोप काढलेला हवा, आणि तो धावणाऱ्यांपैकी नको. महामार्गावर एका वेळी एकानेच धावावं, बाकीच्यांनी गाडीत बसावं. रॉकेलचा कॅन आणि पेटती मशाल एकाच गाडीत ठेवू नका. आणि गाडी घेऊन येणाऱ्या इतर सर्वांना एवढीच विनंती: त्या रात्री नाशिक महामार्गावर आणि जुन्नरच्या रस्त्यांवर सावकाश चला, वळणापलीकडे कुणीतरी अनवाणी धावत असेल.

आता १९ ची सकाळ. सकाळच्या वेळात शासकीय सोहळा होतो. शिवाईदेवीची पूजा, जन्मस्थानी पाळणा, पोलिसांची मानवंदना, मुख्यमंत्री आणि मंत्र्यांची उपस्थिती. त्या दोन-तीन तासांत वर-खाली जाण्यावर निर्बंध असतात. जन्मस्थानाची इमारत दुमजली, पण शिवराय जन्मले ती खालची खोली लहान आहे. पाळणा जवळून पाहायला मिळेल अशी आशा धरून ज्येष्ठांना आणि लहानग्यांना त्या रेट्यात उभं करू नका. माझ्या मते गटासमोर दोनच वेळा ठेवण्यासारख्या आहेत. एक तर पहाटे, सूर्य सातच्या सुमारास उगवतो त्याआधी पायथ्याशी पोचून, पोलिस सोडतील तसं चढून, दर्शन घेऊन कार्यक्रम सुरू व्हायच्या आत खाली. नाहीतर दुपारी तीननंतर, पाहुण्यांची वर्दळ ओसरल्यावर. मधल्या वेळात जुन्नरच्या मिरवणुका बघा. ढोल, लेझीम, दांडपट्टा, घोड्यावरचे बालशिवाजी आणि नऊवारीतल्या जिजाऊ, हे सगळं गावात खाली भरभरून आहे आणि त्यासाठी कुणाला ढकलावं लागत नाही.

गट मोठा असेल तर आठ-दहा जणांच्या तुकड्या करा. प्रत्येकीला पुढे एक आणि मागे एक अनुभवी माणूस. मागच्याने शेवटपर्यंत मागेच राहायचं, फोटोसाठीसुद्धा पुढे यायचं नाही. गडावर त्या दिवशी मोबाइल लागेलच असं नाही, म्हणून भेटीची जागा आणि वेळ घड्याळावर ठरवा. गडावरचं शिवकुंज स्मारक ही जागा सगळ्यांना सुचते, आणि म्हणूनच ती घेऊ नका. शेवटच्या दरवाज्यातून आत आलं की समोर अंबरखान्याची, म्हणजे जुन्या धान्यकोठाराची, पडकी वास्तू लागते, ती चुकत नाही. मुलांच्या खिशात नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

साखळीच्या वाटेबद्दल स्पष्टच लिहितो. कातळात खोदलेल्या पावठ्या आणि आधाराची साखळी, अशी ही वाट एरवी अनुभवी भटक्यांना आनंद देते. सोहळ्याच्या दिवशी तिच्याकडे वळू नका. वरून कुणी उतरत असेल तर बाजूला व्हायला जागा नाही. त्या दिवशी सात दरवाज्यांची पायऱ्यांची वाटच धरा. सावकाश चाललं तरी पाऊण तास ते तासाभरात माथा येतो.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. हा धोका गर्दीत दुप्पट होतो, कारण धूर, फटाके, उग्र अत्तर आणि कर्कश भोंगे सगळं एका वेळी जमतं. तुमच्या गटाकडून यातलं काहीही नको. मशाल पेटवायची ती कड्यापासून लांब, नेमून दिलेल्या जागी. माश्या उठल्याच तर तोंड आणि मान कापडाने झाका आणि दरीच्या कडेपासून दूर, पायऱ्यांवर चेंगराचेंगरी न करता हटा. कुणाला डंखांची ॲलर्जी असेल तर त्याने निघण्याआधी डॉक्टरांना विचारून औषध जवळ ठेवावं आणि तुकडीच्या म्होरक्याला तसं सांगावं. ड्रोन परवानगीशिवाय उडवायचा नाही, हेही याच यादीत धरा.

फेब्रुवारीत जुन्नरला पहाटे चांगलाच गारठा असतो आणि अकरा वाजता डोकं तापतं. अंगावर स्वेटर, पिशवीत टोपी, माणशी दोन लिटर पाणी. गडावरच्या गंगा-जमुना टाक्यांतलं पाणी नितळ दिसतं, पण हजारो माणसांच्या दिवशी त्यात बाटल्या बुडवू नयेत. खायला भाकरी-ठेचा, गूळ-शेंगदाणे, केळी, कागदात बांधून. रात्री गावात कुठे मासवडी मिळते याची चौकशी जरूर करा. मासवडी आणि बाजरीची भाकरी हे या भागाचं खास जेवण आहे. मोठ्या गटाने मात्र सकाळीच सांगून ठेवावं, मासवडी करायला वेळ लागतो.

शनिवारी नाणेघाटाकडे निघा. जुन्नरहून पश्चिमेला साधारण ३० किलोमीटर. सातवाहनांच्या काळातला हा घाट, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आणि राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख असलेली लेणी. शिवनेरी इथे का उभा राहिला, ते नाणेघाट पाहिल्याशिवाय कळत नाही. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून आलेला माल या घाटाने जुन्नरच्या बाजारात चढायचा, आणि त्या वाटेवर जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी असे किल्ले पहाऱ्याला बसले. परतताना चावंड चढा. त्याच्या पायऱ्या इंग्रजांनी तोडल्या, मधला टप्पा उभा आहे, रेलिंग आहे. ज्यांना चढायचं नसेल त्यांनी लेण्याद्री बघावी. तीनशेच्या वर पायऱ्या आहेत, पण विसावत जाता येतात.

आणि रविवारची सकाळ, ज्यासाठी एवढी मांडणी केली. शक्य तितक्या लवकर शिवनेरीच्या पहिल्या दरवाज्यात या. आता प्रत्येक दरवाज्यात थांबा, वाट कशी वळवली आहे, चढणाऱ्याला कुठे कोंडीत धरलं आहे ते मुलांना दाखवा. पाचव्या दरवाज्यानंतर मुख्य वाट सोडून उजवीकडे शिवाईच्या देवळात जा, मागच्या कातळात लेणी आहेत. वर आल्यावर अंबरखान्यापासून एक वाट कोळी चौथरा आणि ईदगाहच्या टेकाडाकडे जाते, दुसरी गंगा-जमुना टाक्यांवरून शिवकुंजाकडे. पुढे कमानी मशीद, हमामखाना, जन्मस्थान, बदामी तलाव आणि टोकाला कडेलोट.

गटात बोलणारा कुणी असेल त्याने बदामी तलावाच्या काठी सगळ्यांना बसवून एवढं जरूर सांगावं: ज्या किल्ल्यावर शिवराय जन्मले तो त्यांना हयातीत कधी स्वराज्यात आणता आला नाही. १६५७ मध्ये त्यांनी जुन्नरची बाजारपेठ लुटली, पुढे १६७० च्या सुमारास किल्ल्यालाही हात घातला, पण शिवनेरी मोगलांकडेच राहिला. मराठ्यांकडे तो आला १७१६ मध्ये, शाहू महाराजांच्या काळात. सात दरवाजे नुकतेच पायाखालून घातलेल्या माणसाला ही गोष्ट लगेच पटते.

उतरताना प्रत्येकी एक गोणपाट हातात घ्या. सोहळ्यानंतर पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना बाटल्या, ध्वजाच्या काठ्या, फाटलेले फलक पडलेले असतात. चार दिवस आधी वनखात्याला आणि पुरातत्त्व खात्याच्या माणसाला सांगून ठेवलं तर कचरा खाली कुठे द्यायचा ते ठरवता येतं. भगवे झेंडे कचऱ्यात टाकू नका, घडी करून सोबत न्या.

दुपारी एकच्या आत जुन्नर सोडा, रविवारी संध्याकाळी चाकणजवळ वाहतूक तुंबते. नारायणगावच्या आसपास द्राक्षांचा हंगाम ऐन भरात असतो, तेव्हा रस्त्याकडेच्या शेतकऱ्याकडून पेटी घ्यायला अर्धा तास धरून ठेवा. खर्चाचा हिशेब त्याच रात्री सगळ्यांना पाठवा, आणि उरलेले पैसे कुणाचे परत द्यायचे असतील तर सोमवारपर्यंत देऊन टाका.