पीक पाहणीपूर्वी मोबाईलमधील जागा मोकळी करा

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढावयाचा असतो. शहागड परिसरात कापूस, तूर, मोसंबीची नोंद करताना ऐन वेळी ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येतो. जुने फोटो काढून टाकले तरी जागा वाढत नाही. नोंद राहिल्यास पुढे हमीभाव खरेदीच्या वेळी अडचण येते.

कारण : पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या तर शेत मोकळे दिसते, पण बांध अडलेलाच राहतो. तसेच काढलेले फोटो प्रथम ‘ट्रॅश’मध्ये जातात व तेथे जागा व्यापतात.

उपाय :

१) गॅलरीतील ट्रॅश रिकामा करावा.

२) गूगल फोटोजचा ट्रॅशही पाहावा. तेथे बॅकअप घेतलेले फोटो ६० दिवस, इतर ३० दिवस राहतात.

३) व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ व नंतर ‘मॅनेज स्टोरेज’ उघडून मोठे व्हिडिओ काढावेत.

दक्षता : ट्रॅश रिकामा केल्यावर फोटो परत मिळत नाहीत. बियाणे-खतांच्या पावत्या व पीक नुकसानीचे फोटो आधी दुसरीकडे उतरवून घ्यावेत. गूगल फोटोजमधून फोटो काढल्यास बॅकअपची प्रतही जाते. फक्त मोबाईलमधील प्रत काढावयाची असल्यास तेथील ‘फ्री अप स्पेस’ वापरावे.

शेतकरी बंधूंनो, हे काम घरीच उरकून मग शेतात जावे.