‘कितवीत आहेस?’ विचारायचं नाही

अगं, तुझा निरोप मिळाला. शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांची सात-आठ कुटुंबं जासईत तुमच्या अंगणात पहिल्यांदाच जमणार, आणि तुला आत्तापासून घाम फुटलाय. लोक येतील, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ओळीनं बसतील, पोरं आयांच्या ओढणीमागे लपतील, बाबा मोबाइल काढतील आणि तू चहा फिरवत बसशील. होऊ शकतं तसं. म्हणून काही खेळ सांगते. पण यातलं सगळं करू नकोस हं. एका दुपारी तीन खेळ पुष्कळ झाले.

सगळ्यात आधी एक नियम दारातच हसत हसत सांगून टाक: आज कुणालाही ‘कितवीत आहेस?’ असं विचारायचं नाही. जो मोठा माणूस विचारेल त्यानं सगळ्यांसमोर फुगडी घालायची. पुरुषांनाही सूट नाही. आपल्या मुलांना हा प्रश्न कोण कोण विचारतं ते तुला वेगळं सांगायला नको. लोकलमधली बाई, दातांचे डॉक्टर, किराणावाला, लग्नात भेटलेले कुठलेसे मामा. मूल दर वेळी आईकडे बघतं आणि आई जरुरीपेक्षा जास्त समजावून सांगत बसते. जिथे हा प्रश्न येणारच नाही अशी एक दुपार मिळाली, तर अर्धं काम तिथेच झालं. या प्रश्नाचं एक छुपं रूप आयांच्या घोळक्यात फिरतं, ‘तुमचा वाचायला लागला का हो?’ त्यालाही फुगडी.

आता लोक येण्याची वेळ. कुणी उलव्याहून दुचाकीवर, कुणी द्रोणागिरीहून रिक्षानं, कुणी उरणच्या लोकलनं, आणि दास्तान फाट्यावर ट्रेलर आडवा आला तर कुणी अर्धा तास उशिरा. त्यामुळे पहिला खेळ असा हवा की मधेच कुणी येऊन बसलं तरी बिघडणार नाही. तर आदल्या दिवशी वाल भिजवून मोड आणून ठेव. अंगणात चटई टाक, मधे परातीत कोमट पाण्यातले वाल आणि भोवती सगळे, लहान-मोठे एकत्र. बिरडं सोलायचं. वाल बोटातून कसा सटकतो ते तुला माहीत आहेच. ज्याचा वाल सटकून चटईवर पडेल त्यानं स्वतःबद्दल एक गोष्ट सांगायची. कुठलीही. ‘मला अंधारात भीती वाटते’पासून ‘मी कालपासून आंघोळ केली नाही’पर्यंत काहीही चालेल. वाल सगळ्यांचेच सटकतात, आयांचेसुद्धा, म्हणून कुणी एकटं पडत नाही. हात गुंतलेले आणि डोळे खाली असले की लाजाळू माणूस बोलतो. सरळ तोंडाकडे बघून ‘बाळ, तुझ्याबद्दल सांग’ म्हटलं तर मोठा माणूसही गप्प होईल, मग पोरांचं काय. शिवाय संध्याकाळच्या जेवणाची सोय होते, हा तुझा फायदा.

बैठक अंगणात ठेवलीस हे मला मनापासून आवडलं. हॉल भाड्यानं घ्यायचं कुणी सुचवलं तरी ऐकू नकोस. ताराबाई मोडकांचंच बघ ना, त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं. आदिवासी मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालवाडीच घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर त्यांनी कुरणात शाळा भरवली. घरातली माणसं, कोंबड्या, धाकटी भावंडं असं सगळं भोवती असताना मूल जे बोलतं ते हॉलमध्ये बोलत नाही.

सगळे आले की नावांचा खेळ घे. इथे तू इंग्रजी पुस्तकातलं काही शोधू नकोस, आपल्याकडे उखाणा आहे. पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, शेजाऱ्याचं घ्यायचं. अनोळखी दोघादोघांच्या जोड्या लाव, शक्यतो एक लहान आणि एक मोठं, आणि त्यातलं मोठं त्या मुलाचं आई-बाबा नसावं. पाच मिनिटं गप्पा मारायच्या, एकमेकांची एक तरी मजेशीर गोष्ट काढायची आणि मग दोन ओळींत नाव घ्यायचं. यमक जुळलं पाहिजे, अर्थ जुळला नाही तरी चालेल. म्हणजे असं:

दास्तान फाट्यावर ट्रेलर उभे शंभर,
अद्वैतच्या मांजराचं नाव म्हणे ‘नंबर’!

किंवा,

खाडीच्या चिखलात निवटी मारते उडी,
मुक्ता बनवते करवंटीची होडी.

हे आत्ता लिहिता लिहिता रचले, तुमच्याकडची पोरं याहून भन्नाट रचतील. यात गंमत अशी की स्वतःची ओळख स्वतः करून द्यावी लागत नाही. आपलं कौतुक दुसरा माणूस गाऊन सांगतो आणि आपण नुसतं लाजायचं. मांजराचं नाव नंबर, हे एकदा ऐकलं की अद्वैत कुणाच्या डोक्यातून जाणार नाही. उलट सगळ्यांनी ओळीनं नाव, वय, राहण्याचं ठिकाण सांगितलं तर चौथ्या माणसापर्यंत पहिल्याचं विसरलेलं असतं. आणि त्या ओळीत बसलेलं मूल आपली पाळी येईपर्यंत काहीच ऐकत नसतं, मनात स्वतःचं वाक्य घोकत असतं.

एक घर केरळचं आहे म्हणालीस ना, बंदरातल्या नोकरीसाठी आलेलं? त्यांनी उखाणा मल्याळममध्ये घ्यावा. यमक कानाला कळतंच. अर्थ त्यांच्या मुलीनं नाचून दाखवावा.

भाषेवरून आठवलं. शिकागोत हल हाऊस नावाचं केंद्र होतं, भोवती देशोदेशींहून आलेल्या गरीब कुटुंबांची वस्ती. तिथे नेवा बॉइड खेळांमधून समाजकार्य शिकवायच्या. १९२० च्या दशकात त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या व्हायोला स्पोलिन यांनी पुढे एकमेकांची भाषा न येणाऱ्या मुलांसाठी कितीतरी खेळ बसवले आणि १९६३ मध्ये त्यांचं पुस्तक काढलं. आज जगभर नाटकवाले ते खेळ वापरतात. त्यातला आरशाचा खेळ तू घे. दोघं समोरासमोर उभी, एक जण हळूहळू हलतो, दुसरा त्याचा आरसा. थोड्या वेळानं अदलाबदल. मग म्हणायचं, आता कोण हलतंय आणि कोण आरसा ते आम्हाला ओळखू येता कामा नये. एक शब्द न बोलता दोन अनोळखी पोरं एकमेकांच्या डोळ्यांत बघत हसायला लागतात. तुझ्या धाकट्याला हा जमेल, त्याला बोलण्यापेक्षा वेडेवाकडे हातवारे जास्त आवडतात.

पण माझा सगळ्यांत लाडका खेळ पुढचा. त्याला मी ‘शोधून आण’ म्हणते. एका कागदावर चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनात एक वाक्य, आणि त्या वाक्यात बसणारा माणूस शोधून त्याची सही घ्यायची. एका माणसाची सही एकदाच. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी अंगठा उठवायचा किंवा चित्र काढायचं. छापील कागद इंटरनेटवर ढिगानं मिळतात आणि सगळे फुसके असतात, ‘ज्याला पिझ्झा आवडतो’ वगैरे. कुणाला नाही आवडत? वाक्यं आपल्या मातीतली हवीत. ज्यानं हातानं निवटी पकडलीय. ज्याच्या घरी सुके बोंबील टांगलेले असतात. जो अटल सेतूवरून गेलाय आणि झोपला होता. ज्यानं पोपटी लावताना भांबुर्ड्याचा पाला गोळा केलाय. ज्यानं नव्या विमानतळावरून उठणारं विमान पाहून हात हलवलाय. ज्याच्या आजीनं मिठागरात काम केलंय. ज्याला दोनपेक्षा जास्त भाषांत भांडता येतं.

आता या खेळासाठी तुझ्या सासूबाईंना बाहेर बोलव. हो, त्यांनाच. त्यांना तुमचं हे घरी शिकवणं पटत नाही, पोराला शाळेत का नाही घालत म्हणून त्या रोज एकदा तरी विचारतात, ठाऊक आहे मला. पण त्यांच्या जागी उभी राहून बघ जरा. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला याच भागात शेतकरी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील जासईचेच, वकिली शिकलेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळाले ते त्या आंदोलनातून. जमीन जाताना जिनं पाहिली तिला कागद वाचता येण्याची किंमत तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळते. शाळा म्हणजे तिच्यासाठी पुन्हा फसवलं न जाण्याची सोय आहे. तिचा विरोध अडाणीपणाचा नाही, म्हणून त्यावर वाद घालत बसू नकोस. कागदावर एक चौकोन टाक: ‘ज्यानं १९८४ चं आंदोलन डोळ्यांनी पाहिलंय’. सगळी पोरं सहीसाठी सासूबाईंभोवती गोळा होतील. एखादं विचारेल, आजी, तेव्हा तुम्ही कुठे होता? त्या सांगायला लागल्या की तू पुढचे खेळ गुंडाळून ठेव आणि सगळ्यांना खाली बसव. इतिहासाचा याहून चांगला तास कुठे मिळायचा. आणि पुढच्या महिन्यात ‘ती पोरं कधी येणार गं?’ हे त्याच विचारतील, माझी पैज.

मोठी मुलं असतील, बारा-तेराची, तर ‘दोन खऱ्या, एक थाप’ ठेव. प्रत्येकानं स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, त्यातली थाप कुठली ते बाकीच्यांनी ओळखायचं. सहाच्या आतल्यांना मात्र यात घेऊ नकोस. ती तिन्ही थापा मारतात आणि तिन्ही खऱ्या आहेत म्हणून रडतात. त्यांच्यासाठी मामाचं पत्र बरं. रुमालाऐवजी खरंच घडी घातलेलं पत्र घ्यायचं, आत काहीतरी सोपं काम लिहायचं, ‘ज्याच्या पायात निळी चप्पल आहे त्याला टाळी दे’ असलं.

काय टाळायचं? संगीत खुर्ची. मला माहीत आहे सगळ्यांना आवडते, पण विचार कर, सगळ्यांत आधी बाद कोण होतं? सगळ्यांत लहान, सगळ्यांत बुजरं, ज्याला अजून कुणी ओळखत नाही ते. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तेच मूल पहिल्या मिनिटाला कडेला बसून बघत राहतं. पहिल्या दिवशी बाद होण्याचा एकही खेळ नको. आंधळी कोशिंबीरही नको. डोळे बांधून अनोळखी माणसांनी अंगाला हात लावणं सगळ्या मुलांना सोसत नाही, आणि ती तसं बोलूनही दाखवत नाहीत. बक्षिसं तर नकोतच.

एखादं मूल खेळणारच नाही. आईच्या मांडीवरून उठणार नाही. तिथे आईची धडपड सुरू होते, जा ना, बघ सगळे कसे खेळतायत. त्या आईला तू हळूच काहीतरी काम दे, कांदा चिरायला बसव, म्हणजे ती मुलाला ढकलायचं थांबेल. मुलालाही एक काम दे: पंच हो, सह्या मोज, शिट्टी वाजव. शिट्टी हातात आली की बहुतेक पोरं पंधरा मिनिटांत उठतात. नाही उठलं तर नाही उठलं. बघणं हाही त्याचा भाग घेण्याचाच प्रकार आहे, आणि घरी गेल्यावर तेच पोर आजोबांना सगळे खेळ नियमांसकट सांगतं.

आणि एक रिकामा डबा ठेव, झाकणाला फट पाडून. मोठ्यांच्या डोक्यात जे घोळत असतं ते सगळं चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं. ‘कायद्यानं चालतं का?’ ‘दहावीचं काय?’ नाहीतर बाबालोक पहिल्या दहा मिनिटांत शिक्षण हक्क कायदा काढतात. २०१० पासून लागू झालेला, सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठीचा, आणि त्यात घरी शिकवणाऱ्यांचा नावानं उल्लेखच नाही. मग चर्चा संपतच नाही आणि पोरं कंटाळून भांडायला लागतात. डबा जेवणानंतर उघडायचा, मुलं पांगल्यावर. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी चौदा वर्षं पूर्ण झाली की देता येते, राज्य मंडळाची फॉर्म नंबर १७ भरून बाहेरून देता येते, एवढं तुला सांगता आलं तरी अर्ध्या चिठ्ठ्या निकालात निघतील. उरलेल्यांसाठी ‘स्वशिक्षण’ ही घरी शिकवणाऱ्या पालकांची देशभरातली संघटना आहे, तिथे विचारायला सांग. तू सगळ्याची उत्तरं द्यायला बसू नकोस. तू यजमान आहेस, वकील नाहीस.

खेळांची वेळ दोन तासांच्या वर नेऊ नकोस, रंगात असतानाच थांबव. आणि हे सगळं शनिवारी ठेव गं. रविवारी घराघरात मासळी असते, दुपारी जेवून आडवा झालेला माणूस तुझ्या अंगणापर्यंत काही यायचा नाही.